बाटलीच्या बुडाचा आकडा

ऐरोलीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. अंतःस्रावी ग्रंथींचा धडा झाला की हार्मोन्सच्या कामात लुडबुड करणाऱ्या रसायनांवर एक जादा तास घ्यायचा, असं गेल्या वर्षी ठरवलं. पहिला तास फसला आणि तो माझ्यामुळेच.

पाण्याच्या बाटलीत फ्थॅलेट, म्हणजे अशाच लुडबुड्या रसायनांपैकी एक, असतं, असं मी ठोकून दिलं. बाटलीच्या प्लास्टिकच्या, 'पेट'च्या, नावातच आहे की, पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट! दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, दोन्ही एकच का?" केमिस्ट्रीच्या सरांना गाठलं. एकच नव्हेत. फ्थॅलेट घालतात ते प्लास्टिक मऊ करायला, मुख्यतः पीव्हीसीत. पेट बाटलीला त्याची गरजच नसते. वर्गात जाऊन चूक कबूल केली. कान गरम झाले होते, पण त्यानंतर मुलं जास्त विचारायला लागली.

पुढच्या तासाला सगळ्यांना बाटल्या-डबे उलटे करायला लावले. बुडाशी प्लास्टिकचा प्रकार सांगणारा आकडा असतो. बाटल्यांवर १, डब्यांवर ५. स्टाफरूममधून आणलेल्या वीस लिटरच्या रिकाम्या जारवर ७. लगेच कुजबुज: "७ म्हणजे विष!" अरे, ७ म्हणजे नुसतं 'इतर'. त्यात पॉलीकार्बोनेट नावाचं कडक प्लास्टिक असू शकतं, आणि त्यातून बिस्फेनॉल ए हे हार्मोन्समध्ये लुडबुड करणारं रसायन थोडं पाझरतं, उष्णतेने जास्त. मग दुकानाच्या बिलावर नख घासलं. काळी रेघ उमटली. शाई नव्हेच ती, कागदावरचा थर. या थरात बिस्फेनॉल वापरत आले आहेत.

"मग घातक किती?" इथे मोह होता भीती घालायचा. फळ्याचे दोन भाग केले. एकीकडे डीईएस: गरोदर बायकांना दिलेलं कृत्रिम हार्मोनचं औषध, त्यांच्या मुलींमधल्या दुर्मीळ कॅन्सरशी १९७१ मध्ये संबंध दिसला. दुसरीकडे बिस्फेनॉल ए: युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये रोजची मर्यादा २०,००० पटीने खाली आणली, तर अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाच्या (एफडीए) मते अन्नातून जातं तेवढ्याने धोका नाही. मुलांना हे भांडण फार आवडलं.

तास संपल्यावर एक मुलगी रेंगाळली. "मॅडम, माझं हे पाळीचं, पीसीओडीचं दुखणं डब्यामुळे झालं का? आई म्हणते सगळं प्लास्टिक फेकू."

"एकेकट्या माणसाचं असं नाही सांगता येत गं. डॉक्टरांनी सांगितलंय ते चालू ठेव. आणि हो, गरम वरण स्टीलच्या डब्यात ने."

"माझा डबा स्टीलचाच आहे, मॅडम."