आमची वाटचाल: गोडा मसाला ते अंबा

२०११ ला मिशिगनात स्टर्लिंग हाइट्सला आम्ही नवराबायकोनी मसाले-लोणच्यांचं काम चालू केलं. गिऱ्हाईक म्हणजे ओळखीची मराठी घरं, गाळ्याचं भाडं सुटलं तरी पुष्कळ वाटायचं.

आजूबाजूला खाल्डियन वस्ती मोठी. हे इराकचे कॅथलिक, निनवेकडच्या तेल्कैफ, अल्कोश अशा गावांतले, घरात सुरेथ बोलतात म्हणजे आजची अरामी. डेट्रॉईटकडे किराणा दुकानं म्हटली की हीच माणसं. २०१४ ला आयसिसने तिकडची बरीच गावं घेतली, त्यानंतर अजून कुटुंबं आली.

अशाच एका दुकानदाराने आमचं लोणचं ठेवलं आणि एक दिवस त्याची आईच गाळ्यावर आली, बरणी उघडून वास घेतला आणि मुलाला काहीतरी म्हणाली. तो म्हणे, आई म्हणतेय हा अंबा नाही, म्हणजे त्यांचं इराकी आंब्याचं लोणचं. माझ्या अंगावर काटाच आला, अहो आंबा तर आमचा शब्द! मुंबईत व्यापार करणाऱ्या बगदादी ज्यूंबरोबर हे लोणचं इराकात गेलं असं सांगतात.

मग त्या आजींनीच शिकवलं. फोडी मिठात मुरवायच्या, हळद-मेथी सढळ, रस पातळ पिवळा, उकडलेल्या अंड्यावर नाहीतर समून पावात घालून खायचा. मेथीचा रंग जरा बदलला की माझा हात धरून कढई उतरवायला लावायच्या. पहिल्या ६० बरण्यांची झाकणं फुगली, मीठ आम्हीच कमी घातलं होतं, सगळं फेकलं, तेव्हा फार रडले मी.

डिसेंबरात त्यांच्याकडे क्लेचाची, म्हणजे नाताळच्या खजूर भरलेल्या बिस्किटांची गडबड. पूर्वी बायका खजूर निवडून, कुटून घ्यायच्या, आता सुना नोकरीला जातात म्हणून तयार खजुराचा गोळा आणतात, पीठ मशीनमध्ये मळतात, पण लाटायला सगळ्या आजींच्याच टेबलाभोवती जमतात, नातवंडं इंग्रजीत बोलत वळकट्या कापतात. वेलदोड्याची पूड आणि कलौंजी आमच्याकडून जाते, त्या एका महिन्यात आमचं निम्मं वर्ष निघतं.

आता त्यांचं दुकान आजींचा नातू बघतो, त्याला बर्गरवर घालायला तिखट अंबा हवा म्हणून लाल मिरचीवाला पण काढलाय, लेबलवर देवनागरी आणि अरबी दोन्ही. आजींच्या बरण्या मात्र वेगळ्या भरते, बिनमिरचीच्या, आणि झाकणावर चिठ्ठी लावून ठेवते.