फणी कचऱ्याच्या डब्यात

सोमवारी सकाळी पावणेआठला आमच्या घरात फणी सापडेना. आठला डे-केअर गाठायचं, मनूच्या डोक्यावर रात्रभर लोळून झालेलं चिमणीचं घरटं, आणि फणी गायब. नवऱ्याला विचारण्यात अर्थ नव्हता, त्याला फणी लागत नाही त्यालाही आता बरीच वर्षं झाली. शेवटी चहाचा चोथा टाकायला कचऱ्याचा डबा उघडला, तर केळ्याच्या सालीखाली माझी तुळशीबागेतली लाकडी फणी. मनू दारात उभी राहून बघत होती. चार वर्षांची पोर. शांतपणे म्हणाली, "तिला आता जाऊ दे."

रागवायला तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना. रोज सकाळची वीस मिनिटं आमच्याकडे तोच प्रयोग चालायचा. मी पलंगावर, ती खाली, माझ्या गुडघ्यांच्या चिमट्यात. टाळूपासून फणी घालायची आणि ओढत खाली आणायची. माझ्या आईनं माझं असंच केलं, आजीनं आईचं. इतक्या घट्ट वेण्या की शाळेत दुपारपर्यंत भुवया वर चढलेल्या. पण माझे केस सरळ. मनूचे केस दाट, बोटाभोवती गुंडाळावेत तसे कुरळे. पहिल्या वाढदिवसाआधी साताऱ्याला जावळ काढलं, मामाच्या मांडीवर बसवून. "आता बघ कसे सरळ येतात," असं समस्त मावशीवर्गानं छातीठोकपणे सांगितलं होतं. आले ते आधीपेक्षा कुरळे. केस सरळ की कुरळा हे कातडीच्या आत, मुळाशी ठरतं. वस्तरा फक्त वरचं पीक कापतो.

त्याच संध्याकाळी तळघरातल्या लॉन्ड्रीत वरच्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. आम्ही राहतो अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीत. बाई कृष्णवर्णीय, सत्तरीच्या, आयुष्यभर इथेच राहिलेल्या, आणि मला चाळिशीत 'बेबी' म्हणणाऱ्या. म्हणाल्या, "रोज सकाळी तुझी लेक रडते, मला ऐकू येतं." पोटात गोळाच आला. इथे शेजाऱ्यांनी मुलाचं रडणं ऐकलं म्हटल्यावर आपल्या आयांच्या डोक्यात पोलिसांपासून काय काय येतं, ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. पण बाईंनी पुढे एवढंच विचारलं, "कोरडेच विंचरतेस ना?"

रविवारी त्या आमच्या बाथरूममध्ये बाह्या सरसावून उभ्या होत्या. केस पूर्ण ओले केले, मूठभर कंडिशनर चोपडलं, चार भाग करून तीन भागांना चिमटे लावून टाकले. मग उरलेल्या एका भागात आधी नुसती बोटं. गुंता बोटांना लागला की तो फणीला दाखवायचाच नाही, तिथल्या तिथे सोडवायचा. त्यानंतर मोठ्या दातांचा कंगवा, तोही टोकाकडून. खालचे दोन इंच सुटले की दोन इंच वर, असं करत शेवटी टाळू. गुंत्याच्या वरची बट दुसऱ्या मुठीत घट्ट धरायची, म्हणजे ओढ मुठीला बसते, डोक्याला नाही. ही एवढीशी गोष्ट! मी चार वर्षांत एकदाही ती बट धरली नव्हती. पुसायला टॉवेल नाही, जुना सुती टी-शर्ट, तोही दाबून. रात्री सॅटिनची टोपी, कारण सुती अभ्रा केसातला ओलावा शोषतो आणि घासून गुंते करतो. कुरळ्या केसाला वळणं असल्यामुळे टाळूचं तेल टोकापर्यंत उतरतच नाही, म्हणून धुणंही आठवड्यातून एकदाच. दीड तास लागला. मनू टबमध्ये प्लॅस्टिकच्या बदकाशी गप्पा मारत होती. रडली नाही.

कौतुक इतकं वाटलं की लगेच थोडा रागही आला. म्हणजे आम्हाला काय केसांतलं कळत नाही? कपाटातून खोबरेल काढलं आणि बाईंना सांगितलं, 2003 साली आमच्या मुंबईच्या संशोधकांनी दाखवून दिलंय की खोबरेल केसाच्या आत मुरतं आणि केसातलं प्रथिन कमी झडतं. सूर्यफुलाच्या किंवा खनिज तेलाला ते जमत नाही. ते संशोधक ज्या कंपनीत होते तिचा धंदाच खोबरेल विकण्याचा, हे मात्र मी सांगितलं नाही. बाईंनी बाटली हुंगली आणि म्हणाल्या, "आमच्याकडेही असतं." आपल्या शिया बटरच्या, म्हणजे आफ्रिकेतल्या एका झाडाच्या बियांच्या घट्ट लोण्याच्या, डबीला मात्र त्यांनी मनूसाठी हात लावू दिला नाही. "माझे केस वेगळे, हिचे वेगळे. हिला एवढं जड झेपणार नाही." खोबरेलही धुण्याच्या आदल्या रात्री, चार थेंब. आईला हे अजून सांगितलेलं नाही. आईच्या लेखी चार थेंब म्हणजे तेल दाखवणं, लावणं नव्हे.

त्यांच्याकडूनच एक गोष्ट कळली आणि मी दोन रात्री त्यावरच वाचत बसले. डिसेंबर 2018 मध्ये याच न्यू जर्सीत, शाळेच्या कुस्तीच्या सामन्यात, एका सोळा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला पंचानं सांगितलं, जटा काप नाहीतर कुस्ती सोड. मॅटशेजारी उभं करून, सगळ्यांसमोर कात्रीनं कापल्या. पोरगं तशाही अवस्थेत कुस्ती जिंकलं. बरोबर एक वर्षानं, 19 डिसेंबर 2019 ला, इथे क्राऊन कायदा झाला. वंशाशी जोडलेल्या केसांच्या पोतावरून किंवा रचनेवरून कुणाला शाळेत, नोकरीत अडवलं तर तो वांशिक भेदभाव. कॅलिफोर्नियानं त्याच वर्षी जुलैत पहिला नंबर लावला होता. केसांसाठी कायदा! मला आधी हसू आलं. मग आठवलं, आमच्या शाळेत एका कुरळ्या केसांच्या मुलीला प्रार्थनेच्या रांगेतून बाहेर काढून नळाखाली डोकं ओलं करायला लावायचे, वेण्या 'नीट' बसाव्यात म्हणून. तिला आम्ही सगळे मॅगी म्हणायचो. मीही.

आणि 'जटा' हा शब्द मी सहज लिहिला खरा, पण आपल्याकडे त्याचं ओझं वेगळंच. बाईची जट म्हणजे देवीचा कोप, कापायची नाही, या भीतीनं कित्येकींनी ते वजन वर्षानुवर्षं मानेवर वागवलंय. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आजही घरोघरी समजूत घालून जटा सोडवतात. इथे त्याच जटा मिरवण्याच्या हक्कासाठी लोक भांडले. बाईंना हे समजावून सांगताना माझं इंग्रजी अपुरं पडलं, आणि थोडी लाजही वाटली. लाज वाटली म्हणून मग मी त्यांना पैठणीचे फोटो दाखवले. का, ते विचारू नका.

डिसेंबरात साताऱ्याला येतोय, मामेभावाचं लग्न आहे. आईचं आत्ताच सुरू झालंय, "लग्नात तरी त्या झिपऱ्या सरळ करून आण." तेवीस किलोंच्या बॅगेत कंडिशनरच्या तीन बाटल्या भरल्यात, आणि दोन सॅटिनच्या टोप्या. नवरा म्हणतो, त्या वजनात तुझ्या बहिणीला चॉकलेटं आली असती. काल बॅग भरताना मनू शेजारी बसली होती.

"आजीकडे फणी आहे?"

"आहे."

"कुठे ठेवते?"