पोतं टाका, मगच ओढा

उसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या शिरोळ भागात हे रोजचंच. काळ्या रानात भरलेली ट्रॉली आसापर्यंत रुतलेली, पुढं ट्रॅक्टर जुंपलेला आणि बांधावर पंधरा माणसं बघत उभी. त्या बघणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

2016 च्या डिसेंबरात आमचीच ट्रॉली रुतली. ट्रॅक्टरवर मी होतो. नायलॉनचा जाड दोर, तोही नवा. दोनदा ओढून हलेना, म्हणून मी ट्रॅक्टर जरा मागं घेतला, दोर ढिला केला आणि हिसका दिला. दोर तुटला नाही. ट्रॉलीच्या हुकाचं वेल्डिंग सुटलं. दोरासकट हूक माझ्याकडं आला, मडगार्डवर आपटून बाजूला उडाला आणि दहा-बारा फुटांवर उभ्या असलेल्या चुलत्यांच्या नडगीवर बसला. हाड दोन ठिकाणी मोडलं. अण्णा सहा महिने रानात आले नाहीत. चूक माझी, त्या हिसक्याची.

नायलॉन रबरासारखा ताणतो आणि ताणताना ताकद साठवून ठेवतो. कुठलंही टोक सुटलं की ती सगळी एकदम बाहेर पडते. तारेचा दोर कमी ताणतो, पण तुटला तर तोही चाबकासारखा फिरतो. म्हणून आता दोराच्या मध्यावर भिजवलेलं पोतं टाकल्याशिवाय मी गिअर टाकत नाही. दोर सुटलाच तर पोत्याच्या वजनानं खाली बसायला मदत होते. आणि दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणाला थांबू देत नाही. पाव्हणा असला तरी नाही.

दोर ड्रॉबारलाच, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या खालच्या ओढदांड्यालाच बांधा. कित्येकजण टॉप लिंकच्या जागी, म्हणजे अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या जागी अडकवतात. मागच्या आसाच्या वर ओढ बसली की पुढची चाकं उचलतात आणि क्लचवर पाय जायच्या आत ट्रॅक्टर ड्रायव्हरवर उलटू शकतो.

हल्ली मी आधी निम्मा ऊस उतरवतो (टोळीला त्याचे वेगळे पैसे देतो) आणि हाताचं टिरफोर (दांडा मारून तारेचा दोर ओढायचं यंत्र) लावतो, बाभळीच्या बुंध्याला, अगदी जमिनीलगत. दांडा मारेल तसं बोट-दोन बोटं सरकतं, पण हिसका नाही. त्यात शिअर पिन असते. भार झेपेनासा झाला की बाकी काही तुटायच्या आधी ती तुटावी, अशीच केलेली. एका पोरानं तिच्या जागी खिळा ठोकलेला मी बघितलाय. बाबांनो, पिन तुटली म्हणजे ओढ जास्त झाली, तिथंच थांबायचं. अजून ऊस उतरवा, नाहीतर ट्रॉलीला कप्पी लावून दोर परत झाडाकडं आणा, ओढ जवळजवळ दुप्पट होते. कप्पी झाडाला लावून दोर उलटा फिरवला, तर मात्र दुप्पट भार झाडावर येतो.

बरोबर मापाच्या चार सुट्या पिना माझ्या सीटखालच्या डब्यात असतात. लागली तर येऊन घेऊन जा, रात्री उठवलं तरी चालेल.