आमची वाटचाल : आधी अर्ज, मग मसुदा

मरोळ एमआयडीसीतल्या एका गाळ्यात आम्ही वीज आणि पाण्याच्या मीटरना जोडायची रेडिओ मॉड्यूल बनवू लागलो. ठाणे-भिवंडीकडच्या कारखान्यांच्या ऑर्डरवर बरी वर्षं निघाली. मीटर एकाचा, त्याचे संदेश पुढे पोचवणारा गेटवे दुसऱ्याचा. दोघांची संदेशांची बोली जुळली नाही तर मधलं मॉड्यूल कोण घेणार? ही बोली आयईटीएफसारख्या, इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या संस्थेत ठरते. तिथे सभासद वर्गणी नाही आणि भाग घेतो तो माणूस, कंपनी नव्हे. म्हणून आमच्यासारख्यांनाही दार उघडं.

संदेशाचे हरवलेले तुकडे बॅटरी वाचवून परत मागवायची आमची स्वतःची पद्धत होती. ती मानकात जावी आणि तिच्यावर पेटंटही असावं, अशी इच्छा होती. धंद्यातल्या एका जाणत्या माणसाने सल्ला दिला, "पेटंटचं आत्ता बोलू नका. मानक ठरू दे, मग सगळे तुमच्याकडेच येतील." मला तो पटला नाही. डेल कंपनीने 1992 मध्ये व्हेसा या मानकगटाला, व्हीएल-बस या संगणकातले भाग जोडायच्या मानकाच्या आड आपलं पेटंट येत नाही असं लिहून दिलं होतं. ते मानक लाखो संगणकांत गेल्यावर डेलने हक्क सांगितला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपुढे प्रकरण गेलं आणि 1996 च्या आदेशाने व्हीएल-बस वापरणाऱ्यांवर ते पेटंट बजावायला तिला बंदी झाली. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर आमची काय होईल?

आयईटीएफचा आजचा नियम 2017 च्या आरएफसी 8179 या तिच्या क्रमांकित दस्तऐवजात आहे. मानकासाठी पाठवलेल्या आपल्या मसुद्यावर आपलं किंवा आपल्या कंपनीचं पेटंट, नुसता अर्जसुद्धा, असल्याचं ठाऊक असेल तर लवकरात लवकर जाहीर करायचं. दुसऱ्याच्या मसुद्यावरच्या चर्चेत भाग घेत असलो, तरी तेच. पेटंटं शोधत बसायची सक्ती नाही. पण सांगायचं नसेल, तर त्या कामात उतरायचंच नाही.

ही जबाबदारी आमच्या इंजिनिअरच्या अंगावर येते, आणि नेमणूकपत्रातलं गोपनीयतेचं कलम तर त्याला तोंड बंद ठेवायला सांगत होतं! ते आम्ही बदललं : मानकगटात जाणाऱ्याला कंपनीच्या त्या विषयातल्या अर्जांची माहिती मिळणार आणि ती जाहीर करायची मुभाही. माझ्या मते मानकाच्या कामात पडणाऱ्या प्रत्येक छोट्या कंपनीने पहिलं काम हे करावं.

क्रमही महत्त्वाचा. मसुदा आधी जगापुढे गेला तर पेटंटला लागणारं नावीन्य जातं. म्हणून आधी मुंबई पेटंट कार्यालयात प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज केला. त्यानंतर पूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात. मग मसुदा पाठवला आणि लगेच जाहीरनामा दिला : मसुद्याचा कोणता भाग, अर्ज अजून अप्रकाशित आहे, आणि मानक पाळणाऱ्या कुणाकडूनही रॉयल्टी घेणार नाही. अर्ज साधारण 18 महिन्यांनी प्रकाशित होतो; तेव्हा क्रमांक घालून जाहीरनामा सुधारला.

रॉयल्टी सोडायची सक्ती आयईटीएफमध्ये नाही. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीत 2004 पासून ती अपेक्षाच आहे. दूरसंचाराची मानकं ठरवणाऱ्या युरोपच्या एट्सीत वाजवी आणि भेदभावरहित अटींवर रॉयल्टी घेता येते. आमची कमाई मॉड्यूलवर होती, म्हणून आम्ही सोडली.

पुढे पुण्याच्या एका गेटवे बनवणाऱ्या कंपनीने फोन केला. त्यांच्या वकिलांनी आमचा जाहीरनामा वाचला होता आणि त्यांची एकच शंका होती : रॉयल्टी नाही, हे लेखी देता का? दिलं. आज त्यांच्या गेटवेत आमचं मॉड्यूल जातं.