आमची वाटचाल : माणसासारखा हरणारा बॉट

गोव्यात गेमिंगचं काम करतो असं सांगितलं की समोरचा पहिलं विचारतो, कुठल्या बोटीवर? मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या आहेत त्यामुळे लोकांना तरी काय बोलणार, पण आमचं ऑफिस फोंड्याला, तिस्कावर, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वर आहे आणि तिथे जुगार सोडा, पत्त्यांचा कॅटसुद्धा सापडणार नाही. आम्ही ऑनलाइन स्ट्रॅटेजी गेम्ससाठी बॉट बनवतो, म्हणजे समोर माणूस नसताना त्याच्या जागी जो खेळतो तो.

खरं तर हा धंदा आम्हाला पावसाने लावून दिला. आधी आमचा स्वतःचा एक गेम होता, चार जणांनी खेळायचा, बंदरं, किल्ले, जहाजं, आळीपाळीने चाल. खेळणारे बहुतेक ओळखीचेच, फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं, त्यांचे मित्र, त्यांचे भाऊ. जून लागला की सत्तरी तालुक्यात कुठेतरी झाड पडायचं, लाइट जायची, नेट जायचं आणि भर खेळातून एक गडी गायब. त्याच्या जागी कॉम्प्युटर खेळायला लागायचा आणि स्क्रीनवर तसं लिहूनही यायचं, मग काय, बाकीचे तिघे पुढच्या दोन चालीत त्याची बंदरं खाऊन मोकळे, कारण कॉम्प्युटर कसा खेळतो ते सगळ्यांना पाठ होतं आणि त्याच्यावर हल्ला केला तर कोणी रागावणार पण नाही. बिचारा अर्ध्या तासाने परत यायचा तर राज्यच नाही. शिव्या आम्हाला.

म्हणून आम्ही असा बदली खेळाडू बनवला जो त्या गायब झालेल्या माणसाचे आधीचे डाव बघून साधारण त्याच्याच पद्धतीने खेळतो. घाबरट असेल तर घाबरट, भांडखोर असेल तर भांडखोर. तो इतका आवडला की पुण्याच्या एका छोट्या स्टुडिओने विचारलं, गेम राहू दे, हा बदली विकता का? विकला. आमचा गेम पुढे बंदच केला, वाईट वाटलं, पण त्याच्यावर भाडंसुद्धा सुटत नव्हतं.

आता लोकांना वाटतं की बॉट बनवणं म्हणजे हुशार मशीन बनवणं. जिंकणारं मशीन हा जुना विषय झाला हो, डीप ब्लू या कॉम्प्युटरने बुद्धिबळाचा जगज्जेता कास्पारोव्हला हरवलं ते मे 1997 मध्ये, अल्फागो या प्रोग्रामने गो नावाच्या पटावरच्या खेळात ली सेडॉल या नामांकित खेळाडूला सोलमध्ये 4-1 हरवलं ते मार्च 2016 मध्ये. आमच्याकडे येणाऱ्या क्लायंटला ते नकोच असतं. रोज हरणारा माणूस आठवड्याभरात गेम डिलीट करतो. त्याला हवं असतं असं कोणीतरी जे कधी जिंकेल, कधी हरेल आणि हरलं तर मुद्दाम हरलं असं वाटणार नाही. हे शेवटचं कलम फार महाग पडतं, क्लायंटला आणि आम्हालाही.

उदाहरणार्थ चुका. बाजारातले बरेच बॉट सोपे करायचे म्हणून मधेच एखादी चाल रँडम खेळतात, म्हणजे दहा घास नीट जेवून अकरावा कानात घालावा तसं. माणूस असा चुकत नाही. माणूस चुकतो तेव्हा त्याच्या मागे काहीतरी असतं, नकाशाच्या उत्तरेला लढाई जोरात चालू असली की दक्षिणेकडचं बंदर तो विसरतो, ज्या किल्ल्यावर खूप खर्च केलाय तो सोडवत नाही आणि त्याच्यापायी दोन चांगले किल्ले घालवतो, बुद्धिबळात मागे येणारी लांबची चाल त्याला दिसतच नाही. याच्यावर 2020 साली आलेलं माया नावाचं बुद्धिबळ इंजिन आम्हाला फार उपयोगी पडलं. ते लीचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवरच्या माणसांच्या डावांवर शिकवलेलं आहे, 1100 पासून 1900 रेटिंगपर्यंत प्रत्येक पातळीचं वेगळं, आणि सगळ्यात चांगली चाल कोणती हे ते शोधतच नाही, या पातळीचा माणूस इथे काय खेळेल एवढंच सांगतं, निम्म्याहून जास्त वेळा बरोबर सांगतं. आमचे गेम बुद्धिबळाएवढे मोठे नाहीत, कोट्यवधी डाव कुठून आणणार, पण विचार तोच उचलला.

दुसरी गोष्ट वेळ. इथे सगळ्यात जास्त बॉट पकडले जातात. दोन ते पाच सेकंदांत कधीतरी चाल कर असं सांगितलं की झालं असं प्रोग्रामरला वाटतं, पण माणूस उघड चाल पटकन करतो आणि दोन चाली सारख्याच बऱ्या दिसल्या की अडकतो. गेल्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे 2025 ला, बुद्धिबळाचा वर्ल्ड कप गोव्यात हडफड्याला झाला, तेव्हा आमचे दोघे तिथे जाऊन चाली न बघता नुसती घड्याळं बघत बसले होते (बाजूचे लोक काय म्हणाले असतील देव जाणे). एवढे मोठे ग्रँडमास्टर, पण अनपेक्षित चाल आली की तेही थबकतात. आमच्या बॉटमध्ये आता पहिल्या दोन पर्यायांमध्ये फरक किती कमी आहे त्यावर थांबायची वेळ ठरते, आणि समोरच्याने धक्का दिला तर आणखी वाढते.

तिसरं म्हणजे डोळे. कॉम्प्युटरच्या मेमरीत अख्खा नकाशा असतो, धुक्याखालची, म्हणजे खेळाडूपासून झाकून ठेवलेली फौजसुद्धा, आणि क्लिक करायला त्याला हात लागत नाहीत. स्टारक्राफ्ट 2 हा लढाईचा गेम खेळणारं अल्फास्टार नावाचं मशीन जानेवारी 2019 मध्ये दाखवलं तेव्हा दोन प्रोफेशनल खेळाडूंशी ते दहाच्या दहा गेम जिंकलं, पण माणसासारखा कॅमेरा फिरवून बघायचं बंधन घातलेल्या आवृत्तीला त्यातल्याच माना नावाच्या खेळाडूने हरवलं. पुढे त्यांनी दर पाच सेकंदांत जास्तीत जास्त 22 क्रिया अशी मर्यादाही घातली. आम्ही हे पहिल्यापासून पाळतो, बॉटला जे दिसतं ते खेळाडूच्या स्क्रीनवर जे दिसलं असतं तेवढंच.

आणि नशीब! फासा कितीही प्रामाणिक असू दे, बॉटला लागोपाठ दोनदा चांगलं दान पडलं की माणूस म्हणतो चीटिंग. सिव्हिलायझेशन हा प्रसिद्ध स्ट्रॅटेजी गेम बनवणारा सिड मायर 2010 च्या एका भाषणात हेच सांगून गेलाय, तीनास एक अशी बाजू आपल्याकडे, म्हणजे चारातले तीनदा आपणच जिंकणार असं असताना हरलं तर लोकांना ते अन्याय वाटतं, गणित त्यांना ऐकायचंच नसतं. त्यामुळे फाशाला आम्ही हात लावत नाही, पण बॉटला सारखे कमी शक्यतेचे हल्ले करू देत नाही. म्हणजे नशिबाने जिंकायची वेळच कमी येते.

टेस्टिंग आम्ही असं करतो की चार जण खेळवायचे, त्यात बॉट असेल किंवा नसेल, नंतर विचारायचं मशीन कोण. आमच्या समोर बँकेतून रिटायर झालेले एक काका राहतात, संध्याकाळी चहाला येतात आणि टेस्टिंगला बसतात, इतके शांत, इतके सरळ खेळतात की पोरं दर वेळी त्यांनाच मशीन म्हणून टिक करतात. एकदा एक मुलगी तर ओरडलीच, हो मनीस न्हय! काका पलीकडच्याच खोलीत. नंतर तिला कळलं तेव्हा सॉरी काका, सॉरी काका. पण हे आमच्याच इथे होतं असं नाही, बॉटप्राइझ नावाची एक स्पर्धा होती, अनरिअल टूर्नामेंट या गोळीबाराच्या गेमवरची, 2012 मध्ये तिथले दोन बॉट परीक्षकांना 50 टक्क्यांच्या वर माणूस वाटले आणि खरी माणसं सरासरीने त्याहून कमी.

पैशाचं बोलायचं तर आधी आम्ही एकरकमी घ्यायचो, आता महिन्याला किती मॅचेस चालल्या त्यावर घेतो. बॉट फोनवरच चालेल एवढा लहान ठेवतो कारण प्रत्येक मॅचसाठी सर्व्हर भाड्याने घेतला तर छोटा स्टुडिओ बुडेल. मागणी आहे. नवीन गेमला रात्री तीन वाजता लॉबीत, म्हणजे जोडीदाराची वाट बघायच्या जागी, कोणी नसतं आणि दोन मिनिटं थांबायला लागलं की माणूस जातो, फोर्टनाइटसारख्या गेमनेसुद्धा 2019 ला बॉट आणले.

पण एक अट आम्ही करारातच घालतो, मॅच संपल्यावर खेळाडूला कळलं पाहिजे की समोर बॉट होता. यावरून गिऱ्हाईकं गेली आहेत. एकजण तर पैसे लावून खेळायच्या टेबलावर बॉट माणूस म्हणून बसवा म्हणाला, रक्कम ऐकून आमचा अकाउंटंट दोन मिनिटं गप्प. नाही म्हणालो. ते माणसासारखं खेळणं नव्हे, ती सरळ चोरी. नंतर ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राचा कायदाच आला, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी, तेव्हा तोच अकाउंटंट पेढे घेऊन आला. रुसणं, सूड, दोस्ती हे सगळं आमचा बॉट करतो, करार मोडणाऱ्याला तो पुढचे दहा डाव तरी विसरत नाही, पण ते खेळाच्या आत.

सध्या अडलंय ते हार मानण्यावर. माणूस हरायला लागला की कोणी शेवटपर्यंत लढतो, कोणी गुपचूप निघून जातो, कोणी सगळी जहाजं एका शत्रूच्या अंगावर सोडून मग निघतो. क्लायंट म्हणतो बॉटने कधी सोडायचं नाही, जिंकणाऱ्याला शेवट बघायचा असतो. काका म्हणतात न सोडणारा लगेच ओळखू येतो. दोघंही बरोबर असल्यामुळे दोन आवृत्त्या केल्यात आणि चवथीला, म्हणजे गणपतीला, पोरं गावाला जायच्या आधी दोन्ही खेळवून बघायच्या आहेत.