रेल्वेत जायचंय? आधी डोळे तपासा

इंजिन चालवायचं असेल, तर कॉलेजचा फॉर्म भरण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. सहाय्यक लोको पायलटला (इंजिनचालकाचं सुरुवातीचं पद) ए-१ वैद्यकीय श्रेणी लागते, म्हणजे चष्म्याविना दोन्ही डोळे ६/६ आणि रंगांची अचूक ओळख. नंबर घालवायला लेझर केलंत की हे दार बंद. बऱ्याच जणांना हे लेखी परीक्षा पास झाल्यावर कळतं!

डोळे ठणठणीत असतील तर दहावीनंतर फिटर, इलेक्ट्रिशियन किंवा डिझेल मेकॅनिकचा आयटीआय पुरतो. प्रमाणपत्र मात्र एनसीव्हीटी किंवा एससीव्हीटीचंच (व्यवसाय प्रशिक्षणाची राष्ट्रीय किंवा राज्य परिषद) हवं. माझं मत विचाराल तर मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकलचा ३ वर्षांचा डिप्लोमा बरा. त्यावर ज्युनिअर इंजिनिअरचीही परीक्षा देता येते आणि तिथल्या बऱ्याच पदांना चष्मा चालतो.

लोको पायलटच्या अभियोग्यता चाचणीत प्रत्येक भागात किमान ४२ टी-स्कोअर (बाकी उमेदवारांच्या तुलनेत काढलेले गुण) लागतो. एकात घसरलात की बाकीचे वाया.

रेल्वे मंत्रालयाखालच्या वडोदऱ्याच्या गतिशक्ती विश्वविद्यालयात बी.टेक.ला जेईई मेनवरून प्रवेश मिळतो, पण पदवीसोबत रेल्वेची नोकरी मिळत नाही. आणि पुण्याच्या इरिसेन या रेल्वेच्या सिव्हिल इंजिनिअरिंग संस्थेत बारावीनंतरची अॅडमिशन शोधू नका, तिथे नोकरीत आलेल्या इंजिनिअरांचं प्रशिक्षण चालतं.