पावसाआधी गाडीला हाताने वॅक्स – माझा अनुभव

आमच्या डिचोलीत गाडी सकाळी धुवा, संध्याकाळी परत तांबडी धूळ बसलेली असते, आणि पुढे जूनचा पाऊस, त्यामुळे मे महिन्यात मी घरीच वॅक्स करून घेतो, मशीन नाही काही नाही, नुसता हात. लावणं सोपं आहे हो, खरं काम पुसून काढण्यात आहे, चमक तिथेच ठरते.

मी कार्नोबा वापरतो. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं हे मेण, 80 अंशांच्या वर वितळतं, म्हणजे भरपूर कडक, जाड लावलं तर पुसताना हात भरून येतात आणि जास्तीचं सगळं शेवटी कापडातच जातं. डोसा घालायच्या आधी तव्याला तेल पुसतो ना, तेवढंच लावायचं. आणि सावलीतच, बॉनेट हाताला गार लागल्यावर.

डब्यावर मिनिटं लिहिलेली असतात पण आपल्याकडच्या दमट हवेत सुकायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे मी घड्याळ बघतच नाही. धुरकट थर आला की स्वच्छ बोट हलकेच ओढायचं, खाली पेंट लख्ख दिसला तर पुसायला घ्या, बोटामागे चिकट रेघ उमटली तर अजून थांबा, कारण ओलं वॅक्स पुसलं की ते निघत नाही, नुसतं पसरतं.

मायक्रोफायबरच्या कापडाची चौपदरी घडी करायची, एका बाजूने थर उचलायचा, ती बाजू भरली की दुसरी, आणि शेवटचा हात कोऱ्या सुक्या कापडाने, अजिबात जोर न लावता. दाबून घासलं तर बारीक ओरखडे येतात, काळ्या किंवा लाल गाडीवर तर लगेच दिसतात. मग मोबाईलचा टॉर्च तिरका धरून दारं आणि बॉनेट बघायचं, समोरून न दिसणारे तेलकट पट्टे तिरक्या उजेडात बरोबर सापडतात. तरी एखादा पट्टा जातच नसेल तर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारून पुसा, निघतो.

बंपरच्या काळ्या प्लॅस्टिकला मात्र आधीच टेप लावा, तिथे पांढरे डाग बसले की जाता जात नाहीत. आणि कापडं धुताना सॉफ्टनर घालू नका, मग ती वॅक्स उचलतच नाहीत.